नाव न सांगता गेलेला मुलगा

आधी मला दूध दिसलं.

रिमझिम पाऊस होता. ओल्या डांबरावरून पांढरं काहीतरी ओघळत माझ्या चाकाकडे येत होतं. ते दूध आहे हे कळायला वेळ लागला. दूध म्हणजे किटली, किटली म्हणजे मोटरसायकल, आणि मोटरसायकलवर कुणीतरी बसलेलं होतं, एवढी साधी साखळी डोक्यात जुळायला किती सेकंद गेले ते मला आजही सांगता येणार नाही. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मी आहे गं. तू आधी त्याला बघ."

२०२३ चा ऑगस्ट. पुण्याहून साताऱ्याला मामाकडे निघालो होतो, मी आणि आई. शिरवळ मागे पडलं होतं, पारगाव-खंडाळा यायचं होतं, पुढे खंबाटकीचा डोंगर ढगात गेलेला. डावीकडच्या सर्व्हिस रोडवरून एक दूधवाले उलट्या बाजूनं महामार्गावर चढले. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि बंपरचा डावा कोपरा त्यांना लागला. हे सांगायला एक वाक्य पुरतं. घडायला त्याहूनही कमी वेळ लागला.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मात्र फार मोठी आहेत. अपघातानंतर काय करायचं याच्या याद्या मी वाचलेल्या होत्या. त्यातलं एकही कलम त्या वेळी आठवलं नाही. मला फक्त वायपरचा आवाज येत होता, आणि इंजिन चालूच आहे हे माझ्या गावीही नव्हतं. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर कुणीतरी टकटक केलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, अंगात कुठल्यातरी कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी. मी काच खाली केली तसा तो म्हणाला, "ताई, चावी. चावी बंद करा आधी." माझा हात हलेना. त्यानंच हात आत घालून चावी फिरवली, लाल त्रिकोणाचं बटण दाबलं, चारी दिवे उघडझाप करायला लागले. "मागनं ट्रक येत्यात. आजींना उतरवा, रस्त्याच्या बाहेर न्या. गाडीत बसू नका, गाडीच्या मागं थांबू नका."

ही सूचना मी नंतर शंभर वेळा मनात उगाळली आहे. एका अपघातातून निभावलेली माणसं पुष्कळदा दुसऱ्या धडकेत जातात, कारण ती आपल्याच गाडीशी उभी राहून पत्रा किती चेपला ते बघत असतात. गाडीबरोबर मिळालेला परावर्तक त्रिकोण माझ्या डिकीत होता, पण आईच्या पिशव्या, मामासाठी घेतलेला पेढ्यांचा खोका आणि स्टेपनीचं झाकण यांच्या खाली. तो काढेपर्यंत एका ट्रकवाल्यानं गाडी कडेला लावून झाडाच्या दोन फांद्या मोडल्या आणि मागे बऱ्याच अंतरावर रस्त्यात टाकल्या. महामार्गावरच्या माणसांची ही जुनी भाषा आहे. पुढे काहीतरी आडवं आहे, एवढं ती लांबून सांगते. आता माझा त्रिकोण ड्रायव्हरच्या सीटखाली असतो.

दूधवाले दादा कुशीवर पडले होते. शुद्धीवर होते. डोक्यावर हेल्मेट होतं, आणि त्याबद्दल मी आजन्म कुणाची तरी ऋणी आहे, नेमकी कुणाची ते माहीत नाही. उजवा पाय गुडघ्याखाली नको तसा वळलेला आणि रक्त. भोवती माणसं जमली. एकानं हेल्मेट ओढायला हात घातला, दुसरा पाण्याची बाटली घेऊन वाकला. तेव्हा गर्दीतून एक पंचाहत्तरीचे गृहस्थ पुढे आले. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, आवाज खणखणीत. "हेल्मेटला हात लावायचा नाही. मान हाय तशी राहू द्या. पाणी पाजायचं नाही, ऑपरेशन लागलं तर पंचाईत होईल." सातारा जिल्ह्यात अशा आवाजाचा माणूस पलटणीतून आलेला असणार हे सांगावं लागत नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली, जखमेवर ठेवली आणि माझा हात धरून त्यावर दाबला. "दाबून धर पोरी. भिजला तरी उचलायचा नाही, वरनं दुसरं कापड घालायचं."

मी दाबून धरलं. हाताला काम मिळालं तेव्हा माझा श्वास परत आला.

काका दादांशी बोलत राहिले. नाव काय, गाव कुठलं, म्हशी किती, डेअरी कोणती. मला वाटलं गप्पा मारताहेत. नंतर समजलं, उत्तरं अडखळायला लागली तर डोक्याला मार आहे हे त्यातून कळतं. दादा सगळं नीट सांगत होते. मध्येच म्हणाले, "किटली बघा हो कुणीतरी, आजचं सगळं गेलं." मी त्यांच्या पायाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मलाही त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

निळ्या शर्टाच्या मुलानं १०८ ला फोन लावला होता. पलीकडून विचारत होते, नेमकं कुठे? आपण पुण्या-सातारच्या मध्ये आहोत, एवढंच मला सांगता आलं असतं. तो पळत जाऊन कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून आला आणि कुठल्या दिशेची बाजू तेही त्यानं सांगितलं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बाजू चुकली तर रुग्णवाहिकेला कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो. आता मी प्रवासात ते दगड वाचत जाते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक चालतो, क्रेन त्यावरून मागवता येते. पोलिसांसाठी ११२. तिन्ही माझ्या मोबाइलमध्ये आहेत आणि आईच्या साध्या फोनमध्येही घालून दिलेत.

गर्दीबद्दल मला खरं लिहायचं आहे, कारण अपघात करून पळणाऱ्यांपैकी बरेच जण गर्दीला भिऊन पळतात. मीही भ्याले होते. एकानं बॉनेटवर जोरात हात आपटला. "शहरातली माणसं, रस्ता बापाचा वाटतो" असं कुणीतरी म्हणालं. दोघेतिघे मोबाइलवर चित्रण करत होते. चहाच्या टपरीवरच्या मावशी आईला धरून उभ्या होत्या, त्या ओरडल्या, "बाई पळाली का? पळाली असती तर बोलला असता. बसलीय न्हवं रक्तात हात घालून!" त्या वाक्यानं हवा बदलली. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम मी पुढे वाचलं. जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. आणि जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर सवलतही देतं. ती भीती कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होती. जीव खरोखर धोक्यात असेल तर तिथून निघून सरळ पोलीस ठाण्यात जावं, कायदा त्याला चोवीस तास देतो. पण मी पाहिलं ते सांगते. माणूस जखमीच्या जवळ बसलेला असला की बहुतेक हात खाली येतात.

मग एक जण मध्यस्थी करायला आला. "मिटवून टाका. वीस हजार द्या, ह्यांचा पाय बसवून घेतील, तुम्ही मोकळ्या. पोलीस आले की वाढतंय सगळं." प्रामाणिकपणे सांगते, मी पर्सकडे बघितलं होतं. काकांनी त्याला हातानंच बाजूला केलं. रस्त्यावर मिटवू नये, हे माझं आता ठाम मत आहे, आणि ते दोन्ही बाजूंसाठी आहे. दादांचा तो पाय वीस हजारांत बसणारा नव्हताच. आत काय मोडलंय ते रस्त्यावर कुणालाही दिसत नसतं. आई "मला काही झालं नाही" म्हणत होती. संध्याकाळी तिच्या छातीवर पट्ट्याच्या रुंदीचा काळानिळा वळ उठला. माझं मनगट रात्री सुजलं. तोवर मला ते दुखत असल्याची जाणीवही नव्हती.

त्या पट्ट्याचं वेगळं सांगायला हवं. मागच्या सीटवर बेल्ट लावायची सवय आईला नव्हती. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. मागे बसलेले दोघे गेले, आणि दोघांनीही पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. ती बातमी बघितल्यापासून आई गाडीत बसली की आधी पट्टा शोधते. चौऱ्याहत्तरीत लागलेली सवय. तो काळानिळा वळ पुढे तीन आठवडे राहिला, आणि आंघोळीनंतर तेल लावताना मी रोज त्याला नमस्कार करत होते.

रुग्णवाहिका आली. मान आणि पाय बांधून दादांना आत घेतलं, काका बरोबर चढले, त्यांचा पंचा जखमेवर तसाच गेला. तिच्या मागोमाग पोलिसांची गाडी आली. मी निळ्या शर्टाच्या मुलाकडे वळले, त्याचं नाव विचारायला. तो नव्हता.

आत्ता इथे होता. मावशी म्हणाल्या, "पोलीस बघितले नि गेला मागनं. साक्षीला बोलवत्यात म्हणून भ्याला असंल. रोजंदारीचं पोरगं, कोर्टात हेलपाटे कोण घालणार?"

अपघाताच्या सगळ्या आठवणींत मला हीच सगळ्यात जास्त टोचते. कारण त्यानं भ्यायचं काही कारणच नव्हतं. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवरचा तो निकाल. पीयूष तिवारी यांनी ती संस्था २००८ मध्ये काढली, कारण त्यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा रस्त्यावर जखमी होऊन पडला आणि कुणी मदत केली नाही. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच १३४-अ हे कलम आलं. सद्‌भावनेनं, स्वतःहून मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तो ठरवणार. हे सगळं २०२३ मध्ये कागदावर होतं, आणि शिरवळच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या त्या मुलापर्यंत पोचलेलं नव्हतं. तरीही तो आधी थांबला. कायदा माहीत नसताना थांबला, आणि सगळं करून मग भ्याला. मला तर वाटतं, कायदा माहीत असून थांबणाऱ्यांपेक्षा त्याचं थांबणं मोठं आहे.

हवालदारांनी लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मागितलं, मी मोबाइलमधल्या डिजीलॉकरमधून दाखवलं. टेप लावून मापं घेतली, घसरल्याच्या खुणा, दोन्ही वाहनांमधलं अंतर, दोन पंच. फोटो मीही काढले. आधी लांबून, सगळा रस्ता येईल असे, मग जवळून नंबरप्लेट आणि दोन्ही वाहनांचे मार लागलेले भाग. हात इतके थरथरत होते की निम्मे हललेले आले. गाडी हलवण्यापूर्वी फोटो घ्या आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, एवढं बाकीच्यांसाठी लिहून ठेवते; सर्वेअर, गॅरेज, क्लेमचे कागद यात मला फारसा रस नाही. ते होतं.

"स्पीड किती होता, मॅडम?" हवालदारांनी विचारलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "चाळीस सांगा." मी ऐंशी सांगितला. पावसात तो जास्तच होता. दादा उलट्या बाजूनं आले हेही खरं, तेही सांगितलं. वकील मैत्रीण नंतर रागावली, म्हणाली, इतकं बोलायची गरज नव्हती. असेल. पण चूक कुणाची हा प्रश्न रस्त्यावर सगळ्यात आधी विचारला जातो, आणि खरं तर त्याची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. त्याच्या उत्तरासाठी पोलीस आहेत, आरटीओचा निरीक्षक आहे, न्यायाधिकरण आहे. आपण वाद घालू नये आणि खोटंही सांगू नये. माझ्यावर भारतीय दंडविधानाची २७९ आणि ३३८ ही कलमं लागली, बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. नवी न्याय संहिता जुलै २०२४ मध्ये आली, हे तिच्या आधीचं. जामीनपात्र गुन्हे, जामीन ठाण्यातच झाला. कागदावर सही करताना अक्षर माझं वाटत नव्हतं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. ग्रामीण रुग्णालयातून दादांना एका खाजगी दवाखान्यात हलवलं होतं आणि तिथे आधी पैसे भरा म्हणत होते. काकांनी भांडून उपचार सुरू करायला लावले. त्यांची बाजू पक्की होती. एका स्कूटरस्वाराला गाडीनं उडवलं, एका वाटसरूनं त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पोलीस केस म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेतच गेला, ही वर्तमानपत्रातली बातमी जोडून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९८९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, आधी जीव, मग कागद. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे. त्या निकालाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू झाली आहे, योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. ती त्या दिवशी असती तर दादांच्या बायकोनं गळ्यातलं काढून दिलं नसतं. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना बघायला गेले. जाऊ नका, असं विमा एजंटनं बजावलं होतं. गेलात म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं, म्हणाला. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. माणसाचा पाय माझ्या गाडीनं मोडला होता, हे तर कबूल करण्यासारखं काही नव्हतंच, ते दिसतच होतं. पायात सळई घातलेली. वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मंगळसूत्र सोडवून आणायचे पैसे दादांच्या भावाच्या हातात ठेवले आणि सांगितलं, हे भरपाईत धरू नका, भरपाई वेगळी आहे, ती मागा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. माझ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा त्यासाठीच आहे, तो माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. उलट्या बाजूनं आल्याबद्दल काही भाग कापतील, तरी मागा. डेअरीच्या पावत्या जपून ठेवा, रोजची कमाई त्यांनीच सिद्ध होते. भाऊ संशयानं बघत राहिला. ज्यांच्याविरुद्ध दावा लावायचा त्याच बाई दावा लावा म्हणतात, यात काही डाव आहे का, असं त्याला वाटत असणार. त्यांनी दावा लावला. मी साक्षीला गेले.

दादांनी एकदाच त्या सकाळविषयी बोलून दाखवलं. महामार्ग रुंद झाला तेव्हा गाव एका बाजूला राहिलं आणि डेअरी दुसऱ्या. भुयारी रस्ता लांब पुढे. रोज दोन वेळा जाऊन-येऊन वळसा, पेट्रोल कोण देणार? म्हणून सगळेच राँग साइडनं येतात. हे कारण पंचनाम्यात कुठे लिहायचं, त्याला रकाना नाही. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. त्यातले किती असे दोनदा वळसा वाचवायला निघालेले असतील, कोण जाणे.

गाडी दुरुस्त होऊन महिन्यानं आली. मी चावी हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. डावीकडून मोटरसायकल आली की रिक्षात बसलेली असतानाही माझे तळवे ओले व्हायचे. दूध उतू गेलं त्या सकाळी मी गॅस बंद न करता स्वयंपाकघराबाहेर निघून गेले. रात्री झोपेत ब्रेक दाबायचे, पोटरीला गोळा यायचा. घरचे म्हणायचे, एवढं काय, कुणी गेलं नाही, देवाची कृपा. कृपा होतीच. पण सुरुवातीचे काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे आणि महिना उलटूनही ओसरलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, हे मला सांगणारं कुणी हवं होतं. दीड महिन्यानं मी गेले. त्यांनी आधी गाडी नुसती चालू करून अंगणात बसायला सांगितलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आई शेजारी बसायची, पट्टा लावून, अथर्वशीर्ष म्हणत.

साताऱ्याला गाडी घेऊन गेले ते पुढच्या चैत्रात. टपरीपाशी थांबले. काकांसाठी नवा पंचा घेतला होता. ते गावाला गेलेले, मावशींकडे ठेवला. दादा काठी सोडून चालायला लागलेत, दूध आता पोरगा घालतो, हेही मावशींनीच सांगितलं. मग मी निळ्या शर्टाबद्दल विचारलं.

"आला हुता की. दोनदा. दूधवाल्याचा पाय कसा हाय इचारलं. नि माझं नाव कुणी लिवून घेतलं का, म्हणला. म्हणलं, न्हाई रे बाबा, कुणाला ठावंच न्हाई तुजं नाव. मग चा घेतला नि गेला."

मी पर्समधला कागद काढला. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीला यायची सक्ती नाही, कुणीही त्याला त्रास देऊ शकत नाही. कलम, कायद्याचं नाव, वर्ष. मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली माझं नाव आणि "थँक्यू, भाऊ". मावशींनी हात पुसले, कागद दोनदा दुमडला आणि सुट्या पैशांच्या डब्यात, नोटांच्या खाली ठेवला.

"आला की देते," म्हणाल्या. "पर कंपनी बदलली म्हनं त्यानं."